पत्रिकेचा फाँट

३ नोव्हेंबर, सकाळ
लेक प्रतीक्षाच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः घरच्या कॉम्प्युटरवर करणार. ठरलं म्हणजे ठरलं. अकोल्याला साल्याचा, किशोरचा, प्रेस आहे. त्याची पायरी चढणार नाही. त्याच्या वास्तूच्या पत्रिकेत साडू खुशालरावांचं नाव वर आणि माझं खाली! थोरला जावई मी! बायको, वच्छला, म्हणते, किती वर्सं झाली त्याले, सोडा ना आता. सोडा म्हणे.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
विंडोज मागेच काढून फेकलं. उठल्यासुटल्या अपडेट. आता लिनक्स. फुकट, आणि कोणाचं मिंधेपण नाही. झकास वळणदार फाँट डाउनलोड केला. उद्या पत्रिका तयार.

४ नोव्हेंबर
नाही तयार. फाँट टाकायचं फोल्डरच दिसत नाही. व्हिडिओतला माणूस म्हणतो, नावाआधी टिंब असलेलं फोल्डर लपलेलं असतं. का? माझ्याच घरात माझ्यापासून लपवाछपवी? मी काय चोर आहे?

५ नोव्हेंबर, दुपार
शेतातली शेवंती बाजारात टाकून तडक घरी. टर्मिनल नावाची काळी पाटी उघडली. प्रत्येक कमांडआधी 'सुडो' लावलं. सुडो म्हणजे मालकाचा हुकूम. मालकानं विनंत्या कशाला करायच्या? एकही एरर नाही. जिंकलो.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
यादीत फाँट नाही. कीबोर्डवर हात जरा जोरात पडला. दोन बटणं बसली. हलका माल.

८ नोव्हेंबर
मजकूर साध्या फाँटमध्ये टाइप केला. मामाच्या ओळीत फक्त जागा सोडली. किशोरचं नाव टाकायला माझी ना नाही. पण चांगला फाँट आल्याशिवाय घाई कशाला? प्रतीक्षा सारखी विचारते. म्हटलं, फाँट येऊ दे.

१० नोव्हेंबर
प्रतीक्षानं फाँट शोधून काढला. म्हणाली, बाबा, तुमी सुडो लावून फाँट रूटच्या घरात टाकला, म्हणून तुमाले दिसून नाही राहिला. रूट कोण? तर कॉम्प्युटरचा दुसरा मालक! विकत मी घेतला, वीज माझी, आणि हा कोण माझा फाँट दाबून बसणारा? ती म्हणाली, मी हलवते. हात लावू दिला नाही. बापाची चूक पोरीनं सुधारायची रीत आमच्यात नाही. शिवाय ही चूक नव्हतीच.

११ नोव्हेंबर
तिवस्याहून व्याही भगवंतरावांचा फोन. पत्रिका काहून नाही आल्या अजून? आमाले पाहुण्याइले वाटाच्या हायेत. यांना काय कळतं फाँटमधलं! संतापून सगळं पुसलं. लिनक्स पहिल्यापासून टाकणार. फाईल गेली तर गेली.

१२ नोव्हेंबर
फाईल गेली नव्हती. वच्छलानं आधीच पेनड्राइव्हवर घेतली होती. तो पेनड्राइव्ह घेऊन ती सकाळच्या बसनं अकोल्याला गेली. मला न विचारता! घरात बोलणं बंद. माझं. तिच्या लक्षात आलेलं नाही.

१५ नोव्हेंबर
किशोर स्वतः पत्रिका घेऊन आला. फाँट मी निवडला होता तोच. वच्छलानं नाव सांगितलं होतं; त्याच्याकडे पहिल्यापासून होता म्हणे. माझं नाव सर्वांत वर, ठळक. खोट काढायला उलटसुलट पाहिली. खोट प्रतीक्षाला सापडली. मामाची ओळ कोरी. किशोर म्हणाला, भाऊजी, तुमच्या फायलीत नोतं. माहं नाव मीच कसं टाकू? चहा अर्धा ठेवून गेला. मी म्हटलं, फाँटचा दोष आहे.

१६ नोव्हेंबर
पहिली पत्रिका अंबादेवीपुढे ठेवायची आहे. प्रतीक्षा अडून बसली. मामाच्या नावाबिगर एकबी पत्रिका घराबाहेर नाही जाणार. अंतरपाटाजवळ मले कोन नेईन, तुमचा फाँट? एवढं बोलून रडली. मग डोळे पुसून सगळा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. तुमीच लिहा म्हणाली.

लिहितो आहे. चि. किशोर. चि. किशोर. चि. किशोर. अक्षर गचाळ येतं, पेन भिकार आहे. लिनक्सवाल्यांना खरमरीत पत्र लिहिणार आहे, हात मोकळा झाला की.