आत्याचा पाला

१२ नोव्हेंबर १९९४, शनिवार

पहिल्याच तासाला सरांशी वाद घातला. बरं वाटलं!

औषध-संशोधनाच्या या वर्गात अकरा जण, प्रत्येकाने स्वतःचा एक प्रयोग करायचा. सगळ्यात मोठी मी, एकोणचाळीस. बाकीची पोरं कालपरवा बी.फार्म. झालेली. खैरनार सरांनी विचारलं, नवीन औषध सापडतं कसं? पोरं वहीत तोंड घालून बसली. मी म्हटलं, आधी कुणाला तरी गुण आलेला असतो, आपण मागून जाऊन कारण शोधतो. सर म्हणाले, "सरोदे बाई, गुण आला हे ठरवायचं कोणी?" मी म्हटलं, ज्याला आला त्याने. सर हसले. "तो सोडून बाकी कोणीही. वर्षभर हेच शिकायचंय."

जळगाव ते धुळे अडीच तास, परत अडीच. दर शनिवारी. ह्यांनी विचारलं, झेपेल ना? न झेपायला काय झालं! सोळा वर्षं कारखान्यात दुसऱ्यांची मलमं तपासते आहे — रंग बरोबर, वजन बरोबर, मारा शिक्का. आता स्वतःचं काहीतरी शोधायचंय.

१९ नोव्हेंबर, शनिवार

कॉलेजात एकच कॉम्प्युटर. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. पडद्यावर रेणूचं चित्र येतं आणि ते चारी बाजूंनी फिरवता येतं. कुठला रेणू शरीरात कुठे बसेल याचा अंदाज आधीच बांधता येतो म्हणे, मग हजार पदार्थ तपासायचे ते शंभरावर येतात. मी अर्धा तास नुसता फिरवत बसले. मागची पोरं कुरकुरायला लागली तेव्हा उठले.

२१ नोव्हेंबर, सोमवार

निर्मलकुमार शेठनी केबिनमध्ये बोलावलं. मालक माणूस, पण स्वतः उभं राहून खुर्ची पुढे करतात. "एप्रिलात नवी शेड बांधतोय. तुमचा प्रयोग जमला तर त्यातली एक खोली संशोधनाची. दारावर तुमचं नाव."

नाही जमला तर?

"तर पॅकिंगची."

जमेल. विषय माझ्याकडे आहे, लहानपणापासून आहे.

२७ नोव्हेंबर, रविवार

असोद्याला जाऊन आले. झुंबरआत्याकडे, आबांच्या मोठ्या बहिणीकडे.

आत्याकडे जखमेचं औषध आहे. पंचक्रोशीतून माणसं येतात. मी सहा वर्षांची असताना आबांचे दोन्ही पाय तारेच्या कुंपणात फाटले होते, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. आत्याने रोज धुऊन पाला बांधला. आबा पायांवर उभे राहिले ते मी पाहिलंय. आज आबा नाहीत, पण त्या पायांवरचे वण मला नकाशासारखे पाठ आहेत.

आत्या तासभर नाही म्हणाली. मग स्वतःच बांधावर घेऊन गेली. "पुष्पे, याचं नाव कोनाले सांगू नको. नाव फुटलं की गुन जाते." शपथ घातली. म्हणून इथेही लिहीत नाही.

पाला वाटायचा तो केळीच्या पाण्यातच. घड काढून झाल्यावर उरलेल्या खोडात सांजेला खड्डा करून ठेवायचा, सकाळपर्यंत त्यात पाणी साचतं, ते गाळून घ्यायचं. मी म्हटलं, विहिरीच्या साध्या पाण्यात वाटला तर? "हिरीचं पानी चालत नही." का नाही, तर नाही!

३ डिसेंबर, शनिवार

प्रयोगाचा आराखडा दाखवला. बारा पांढरे उंदीर. सहांना पाला, सहांना काहीच नाही. सर म्हणाले, पाला कशात वाटणार? म्हटलं, केळीच्या पाण्यात. "मग तिसरा गट हवा. नुसतं केळीचं पाणी."

मला हसू आलं. सर साक्रीकडचे, त्यांना केळीचं काय कौतुक! आमच्याकडे केळीचं पाणी म्हणजे बांधावर सांडणारी गोष्ट. कपड्याला डाग पडतो आणि धुऊन निघत नाही, एवढाच त्याचा गुण. सर, पाणी ते पाणी, म्हटलं. फुकट सहा उंदीर वाढवायचे.

"बाई, तुम्ही असोद्याच्या ना? म्हणूनच हवा."

ठीक. गुरू आहेत, घेऊ तिसरा गट.

५ डिसेंबर, सोमवार

सुरतेच्या प्लेगला तीन महिने झाले नाहीत आणि घरची सून उंदीर हाताळणार — सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. ह्यांनी समजावलं, ते उंदीर वेगळे, माणसांपेक्षा स्वच्छ असतात. त्यावर त्या ह्यांच्याशीही बोलेनाशा झाल्या.

७ जानेवारी १९९५, शनिवार

पाल्याचा अर्क काचपट्टीवर चढवला. त्यातल्या पाच घटकांचे पाच ठिपके वेगळे निघाले! चौथा ठिपका दिव्याखाली निळा चमकतो. हाच. मनाने ग्वाही दिली.

चौथ्याचा रेणू कसा असेल त्याचं अंदाजाने चित्रही काढलं कॉम्प्युटरवर. सर म्हणाले, आधी जखम भरू द्या.

२१ जानेवारी, शनिवार

प्रयोग सुरू. बसमध्ये केळीच्या पाण्याचा कॅन मांडीवर होता. कंडक्टर वाकून म्हणाला, "ताई, ताडी शे का?" म्हटलं, औषध आहे. "ताडीबी औषधच शे."

उंदरांना गुंगी देऊन पाठीवर रुपयाएवढी जखम केली. हे लिहायला बरं वाटत नाही. डबा न उघडता परत आणला.

प्राणिघर सांभाळणाऱ्या भटूभाऊंनी पिंजऱ्यांना रंगीत दोरे बांधले — तांबडा, पांढरा, पिवळा. कुठल्या रंगाला काय लावायचं ते फक्त त्यांना ठाऊक, आणि चिठ्ठी सरांच्या कपाटात बंद. रोज लावणारही भटूभाऊच, मोजायच्या आधी धुणारही तेच. मी फक्त मोजायचं. मोजणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर हवं ते दिसतं म्हणे. मला नाही दिसणार. पण नियम आहे.

२८ जानेवारी, शनिवार

सातवा दिवस. तांबड्याच्या जखमा निम्म्याने मिटल्यात! तोच पाल्याचा, शंका नको. पांढरा आणि पिवळा नीट पाहिलेसुद्धा नाहीत, आकडे लिहिले आणि निघाले.

३० जानेवारी, सोमवार

शेठना सांगून टाकलं, पाला चालतोय. त्यांनी नाव विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "जामनेरला दोन एकर या पाल्यासाठी ठेवू का?" म्हटलं, ठेवा.

४ फेब्रुवारी, शनिवार

काहीतरी घोळ आहे.

चौदावा दिवस. तांबडा जवळपास मिटला. पिवळ्याच्या जखमा अजून अर्ध्या उघड्या. हे बरोबर. पण पांढरासुद्धा तांबड्याइतकाच मिटलाय, एक उंदीर तर पूर्ण! एक भरायला हवा आणि दोन मागे राहायला हवेत. इथे दोन भरलेत.

भटूभाऊंना चारचौघांत बोलले. पिंजरे साफ करताना उंदीर बदलले असणार. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, बठ्ठा उंदीर ज्याना त्याना पिंजरामाच शेतस." प्रत्येकाच्या शेपटीवर शाईची खूण असते, ती दाखवली. अठराही आपापल्या पिंजऱ्यात.

बसमध्ये सगळा रस्ता स्वतःची लाज वाटत होती.

११ फेब्रुवारी, शनिवार

आधी भटूभाऊंची माफी मागितली, मग चिठ्ठी उघडली.

तांबडा — पाला आणि केळीचं पाणी. पिवळा — काहीच नाही. पांढरा — नुसतं केळीचं पाणी.

म्हणजे पाला काहीच करत नाही. जे करतं ते पाणी. पाच ठिपके, निळा चमकणारा चौथा, कॉम्प्युटरवरचं चित्र, जामनेरचे दोन एकर! सर म्हणाले, हाही शोधच आहे, बाई, पुढे या पाण्याची फोड करू. मला काही ऐकू येत नव्हतं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

शेठना सोमवारी, वीस तारखेला अहवाल हवाय. शेडचा नकाशा तयार आहे. नकाशात खोलीला खिडकीसुद्धा आहे.

दोन अहवाल लिहिले. एकात तिन्ही गट. दुसऱ्यात फक्त तांबडा आणि पिवळा — पाला लावलेले आणि काहीच न लावलेले. मीच आधी आखला होता तो प्रयोग. त्यातला एकही आकडा खोटा नाही. पांढरा गट कधी नव्हताच, असं धरलं की झालं.

दुसरा फार सुंदर झालाय.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

सुंदर अहवाल पर्समध्ये आहे. दिवसातून तीनदा काढून वाचते.

शेठ तर शेठ, आत्याला काय सांगू? पस्तीस-चाळीस वर्षं तिने त्या पाल्याचं नाव जिवापाड सांभाळलं. आता तिला सांगायचं की तो निव्वळ पालाच आहे? नको. मग दुसराच अहवाल बरा, तिच्यासाठीही. असं मनाला पटवते आहे आणि पटतंय, हे जास्त वाईट.

रविवारी जाते असोद्याला.

१९ फेब्रुवारी, रविवार

सांगून टाकलं. आत्या, पाल्यात काही नाही. जे आहे ते केळीच्या पाण्यात.

ती शेंगा फोडत होती. हात थांबला नाही. "मंग? मले मालूम हाये."

कसं मालूम?

"तुह्या बापाचे दोन्ही पाय फाटले व्हते ना? उजव्याले पाला बांधला. डाव्याले नुसतं पानी लावलं, वरून फडकं. दोन्ही संगच भरले."

आणि काहीच नाही लावलं तर?

"ते तर गावात रोज दिसे, पुष्पे."

मग पाला कशाला, विचारलं. म्हणाली, "केयीचं पानी तर ज्याच्यात्याच्या वावरात हाये. घरीच लावू म्हनतात, आन् लावत नही. पाल्याचं नाव मालूम नही म्हनून माह्याकडे येतात. आले की मी जखम धुते."

परत येताना सुंदर अहवाल फाडला. खोली पॅकिंगची झाली तर होऊ दे. उद्याच्या अहवालात तिन्ही गट आहेत, आणि त्यांच्या आधी एक ओळ — असा प्रयोग यापूर्वी असोदे येथे, १९६१ साली, दोन पायांवर झालेला आहे.