दोन बोटांची जागा

२ नोव्हेंबर

आणला! लाल पट्टा, लाल दोरी, पितळी बक्कल. पुस्तकात लिहिलंय की पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जायला हवीत. घालून पाहिली. बरोब्बर दोन.

पिल्लाचं नाव बाबांनी बटण ठेवलंय. एका डोळ्याभोवती काळा गोल आहे म्हणून. शिंप्याच्या घरात दुसरं काय सुचणार!

घरमालकीणबाईंनी आज अट घातली. कुत्रं ठेवायचं तर ते दोरीने चालायला हवं. जिन्यात मोकाट नको आणि काखेत मारून नेणंही नको. कालच ते माझ्या काखेतून निसटलं आणि त्यांची नवी चप्पल कुरतडून आलं, त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं. "तीस तारखेपर्यंत बघते. नाहीतर माझ्या भावाच्या गोदामावर जाईल. तिथे राखणीला हवंच आहे." गोदामावरचं आताचं कुत्रं मी पाहिलंय. हातभर साखळी आणि तिच्याभोवती जमिनीवर पडलेला गोल खड्डा.

मी शिकवणार. न मारता, न ओढता, न ओरडता. माझ्या वर्गाच्या भिंतीवर मी कागद लावलाय — 'इथे कोणी ओरडत नाही.' वर्गात एक आणि घरात एक, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

४ नोव्हेंबर

बसलं. दाराबाहेर दोन पावलं, की बसलं. मी पुढे बिस्किटाचा तुकडा धरून उकिडवी, ते माझ्याकडे बघतंय. अर्धा तास! आई काजं करता करता खिडकीतून म्हणाली, "तुझ्यावर गेलंय. एकदा बसलं की बसलं."

७ नोव्हेंबर

फाटकापर्यंत आलं! शेपटी वर, कान मागे, मधेच दोरी तोंडात धरून. मी रस्त्यात टाळ्या वाजवल्या.

बाबा मशिनवरून म्हणाले, "मास्तरीणबाई, पट्टा बघू जरा तुमचा." शाळेत लागल्यापासून मला असंच म्हणतात. म्हटलं, "नीट आहे बाबा. दोन बोटं जातात." ते म्हणाले, "आजची दोन गं." आणि पुन्हा पायडल मारू लागले. शाळेचे गणवेश शिवून शिवून प्रत्येक गोष्ट उसवून बघायची सवय लागलीय त्यांना.

१० नोव्हेंबर

आज थेट किराणा दुकानापर्यंत! वहीत पावलंसुद्धा लिहून ठेवलीत. पुस्तक खरं आहे. माया आणि धीर — बाकी काही लागत नाही. असंच घरातही शिकवलं गेलं असतं तर!

१४ नोव्हेंबर

काय बिघडलं कळत नाही. दोरी लावायला गेले तर खाटेखाली. बाहेर काढलं तर मान वाकडी करून बसलं. दोरी जरा ताणली की खोकल्यासारखं करतं. पुस्तकात 'हट्टाचे दिवस' असं एक प्रकरण आहे. पिल्लू मालकाची परीक्षा बघतं म्हणे. हेच ते.

बाबा जेवताना म्हणाले, "मान बघितलीस का त्याची?" मी म्हटलं, "मानेचा नाही बाबा, मनाचा प्रश्न आहे." वाक्य छान जमलं म्हणून इथे लिहून ठेवतेय.

१७ नोव्हेंबर

पुन्हा नाही. घरमालकीणबाई जिन्यात कोरडं हसल्या. "गोदामात जागा करून ठेवलीय हं."

२० नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय.

संध्याकाळी बाबा टेप घेऊन आले. गळ्यातली त्यांची नेहमीची टेप, आकडे झिजलेली. खाटेपाशी गुडघ्यावर बसले आणि बटणच्या मानेकडे हात नेला. मी दिवसभर चाळीस मुलांशी गोड बोलून आले होते. माझा तोल गेला. "बाबा, प्लीज! याला शास्त्र असतं. टेप लावून मोजायला ते काय शाळेचा शर्ट आहे? आठवी शिकून —"

पुढचं बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती.

बाबांनी हात मागे घेतला. टेप गुंडाळली. "बरं," म्हणाले. तेवढंच. आई सुईत दोरा ओवत होती, ती ओवतच राहिली.

मी चूक नाही. पण जिभेला हाड नाही माझ्या. आठव्या इयत्तेनंतर बाबांनी शाळा सोडली ती आजोबांचं मशिन चालवायला. त्याच मशिनवर मी पदवीधर झाले. हे मला ठाऊक नाही का? ठाऊक असूनही बोलले.

२१ नोव्हेंबर

बाबा नेहमीसारखेच आहेत. उलट जास्त शांत. सकाळी "रेडिओ लावू का?" असं विचारून लावला. मी वह्या तपासत होते, त्याची त्यांनी कदर केली. बोललेलं कधीकधी उपयोगी पडतं म्हणायचं.

२३ नोव्हेंबर

मी ओढलं.

सात दिवस उरले होते. मला दुसरं काही सुचत नव्हतं. किराणा दुकानासमोर ते पसरलं आणि मी चालत राहिले. मागे वळून बघितलं नाही. दोरी जड लागत होती, तरी चालले. दुकानदार ओरडला, "ताई, पिल्लू फिरवताय की रस्ता पुसताय?" सगळे हसले. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई पिशवी घेऊन उभी होती. ती हसली नाही.

मी बटणवर खेकसले. "चल म्हणते ना!" भर रस्त्यात.

ते ओरडलंसुद्धा नाही. त्याने नुसती लघवी केली आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिलं.

घरी येऊन दिवा लावला नाही. बाबांनी दारातून विचारलं, "दिवा लावू का?" मी उत्तर दिलं नाही. ते अंधारातच बसले.

२४ नोव्हेंबर

सकाळी माफी मागावी म्हणून कुरवाळायला गेले. मानेजवळ ओलं लागलं. वास आला. दोन बोटं घालून पाहिली — गेली नाहीत. एक घातलं — तेही नाही. पट्टा केसांच्या आत गेला होता. बावीस दिवसांत पिल्लू वाढलं होतं. पट्टा मी ज्या भोकात लावला तिथेच होता.

मी किंचाळले. बाबा मोठी कात्री घेऊन धावत आले. बटणला मांडीत घेतलं, कात्रीचं टोक पट्ट्याखाली सरकवलं — आणि थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "कापू का?"

"कापा ना!"

कच्चकन एकदाच. बटणने इतका मोठा श्वास घेतला की तिघांना ऐकू आला.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई चिडल्या. चिडणारच. "शेवटचा सैल कधी केला होता? मान बघितली नाही कोणी घरात?" बाबा म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं, डॉक्टर. माझीच चूक." त्या बाबांना बोल बोल बोलल्या. शिकलेल्या माणसाने अडाण्याला बोलावं तशा. बाबा मान हलवत "हो, हो" करत राहिले. मी औषधाची चिठ्ठी हातात धरून शेजारी उभी.

सांगितलं नाही. अजूनही सांगितलं नाही.

२५ नोव्हेंबर

ही वही मागे चाळली. सात तारीख. चौदा तारीख. वीस तारीख. तीनदा! माझ्याच अक्षरात. एकदा तर वाक्य छान जमलं म्हणून.

भिंतीवरचा कागद काढावासा वाटला. काढला नाही. मुलांनी कारण विचारलं तर काय सांगू?

२६ नोव्हेंबर

बाबांनी बटणला छातीपट्टा शिवला. गणवेशाच्या निळ्या कापडाचे चार थर, आत जुन्या चादरीचा मऊ तुकडा, मानेला कुठेच स्पर्श नाही. कडेला हुकांच्या तीन ओळी आणि आत दोन बोटं कापड जास्तीचं दुमडलेलं. माझे फ्रॉक असेच असायचे. दरवर्षी दुमड उसवायची आणि खाली गडद रंगाची पट्टी दिसायची. वर्गातल्या मुली त्या पट्ट्या मोजून माझी इयत्ता ओळखायच्या. मी बाबांवर रुसायचे. कॉलेजात जाताना बजावलं होतं, "माझ्या कपड्यात आता काही दुमडून ठेवू नका."

आज ती दुमड बोटांनी चाचपत बसले.

बाबांनी तो माझ्या हातात दिला. "चालेल का बघ," म्हणाले.

२८ नोव्हेंबर

चाललं! फाटक, किराणा दुकान, पुढचा चौक! जखमेवर अजून मलम आहे, तरी शेपटी वर. दुकानदार म्हणाला, "अरे, आज रस्ता पुसायला सुट्टी?" मी हसले. बटणने माझा हात चाटला. तोच हात.

बाबांना सांगितलं — "बाबा, डॉक्टरांकडे तुम्ही उगाच माझी चूक अंगावर घेतलीत." एवढंच जमलं. माफी मागायची राहिलीच. ते म्हणाले, "असू दे." मला वाटलं, मिटलं.

२९ नोव्हेंबर

घरमालकीणबाईंनी एक दिवस आधीच परीक्षा घेतली. जिना, अंगण, फाटक, परत. बटणने त्यांच्या चपलेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सोडून दिली. "राहू दे मग," म्हणाल्या. आनंदाच्या भरात आईच्या हातून सुई हरवली. आता सगळे जमिनीवर रांगतोय.

१ डिसेंबर

बटण आपणहून दोरी तोंडात धरून दाराशी. मी चपला घालत होते. बाबा मशिनवरून उठले, हात पुसले आणि उंबऱ्याच्या आतच थांबले. "मी धरू का थोडा वेळ?" म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

रेडिओ लावू का. दिवा लावू का. कापू का. चालेल का. आज कळलं हे केव्हापासून चाललंय. आणि वीस तारखेपासून 'मास्तरीणबाई' एकदाही नाही.

बटण पाच दिवसांत विसरलं.

मी दोरी बाबांच्या हातात दिली. "थँक्यू," म्हणाले. बाबा. मला!