दोरीचं दुसरं टोक

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (गुडघा सुजल्यामुळे तूर्त खुर्चीत बसूनच, गुडघ्याचं पुढे येईलच). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की त्यांनी त्याच्याशी जमवून घेतलं? आम्ही सगळे मजेत. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, आणि मला जे सांगायचंय ते सलग सांगण्यासारखं आहे. वाचताना तू मधे बोललीस तरी मला ऐकू येणार नाही, हा पत्राचा मोठाच फायदा.

तर बातमी अशी, की तुझा भाऊ बाप झाला. दचकू नकोस, आमची ठकी एकुलती एकच आहे आणि चौथीत गेली आहे. बाप मी तेव्हाच झालो होतो, पण रीतसर झालो तो आत्ता. त्याचं असं झालं, की माझ्याकडे गाडी शिकायला लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई येतात. गाडी मागे घेताना त्यांना गप्प राहवत नाही. कुंपणाचा खांब हातभर उरलेला असताना त्यांनी मला विचारलं, की तुम्ही मुलीबरोबर असता का. मी म्हटलं, असतो की, एकाच घरात राहतो. त्यावर त्या म्हणाल्या की घरात असणं वेगळं आणि हजर असणं वेगळं. एवढ्यात खांब लागला. मागचा दिवा गेला, पण वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं, आणि त्या संध्याकाळपासून मी हजर राहायला सुरुवात केली.

सोपं काम नाही हं ते. पालकसभेला मी पहिल्या बाकावर बसून इतके प्रश्न विचारले, की शेवटी बाईंनी मला पाणी आणून दिलं. शाळेत कविता म्हणायचा कार्यक्रम होता तेव्हा ठकी स्टेजवर आणि मी समोर, तिच्याबरोबर ओठ हलवत. तिसऱ्या कडव्यात मी अडखळलो आणि माझ्याकडे बघून ती अडखळली. बाकीचे टाळ्या वाजवत असताना तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ना, ती आपल्या आईची नजर, अगदी तश्शीच. (म्हणजे बघ, पोरगी कुणावर गेली आहे.) तुझी भावजय म्हणाली, तुम्ही जरा कमी हजर राहिलात तरी चालेल. पण म्हणताना ती गालातल्या गालात हसत होती, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

मग आली सायकल. आता माझा धंदा तुला माहीतच आहे. आमच्या शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक असतो, तो माझा. समोरचा माणूस गडबडला, की मी पाय दाबायचा आणि सगळ्यांनी जिवंत घरी जायचं. इतक्या वर्षांत तो पाय आता माझा राहिलेला नाही. तुझी भावजय गाडी चालवते तेव्हाही मी शेजारी बसून जमीन दाबत असतो (तिला मीच शिकवलंय, ती उत्तम चालवते, पण पायाला कोण सांगणार), आणि माझ्या बाजूच्या पायपुसण्याला भोक पडलंय. सायकलला शेजारची सीट नसते हे मला ती दुकानातून घरी आणल्यावर कळलं. ठकी वर बसली, मी खाली उभा, आणि माझ्या पायाखाली काहीही नाही. म्हणून मी कपडे वाळत घालायची दोरी सोडली, एक टोक तिच्या कॅरियरला बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला गुंडाळलं. शिवाय मागे आमच्या शिकाऊ गाडीची लाल पाटीही लावली. नियम म्हणजे नियम. तिच्या मैत्रिणी ती पाटी बघायला दोन-दोन वेळा येऊन गेल्या.

रोज संध्याकाळी ती पुढे आणि मी मागे, अशी आमची वरात आवारातून निघायची. वळण आलं की मी ओढायचो, खड्डा आला की ओढायचो, एकदा मांजर आडवं जाण्याच्या विचारात दिसलं तेव्हाही ओढलं. ठकी पडायची. उठायची, गुडघा झटकायची आणि परत बसायची. रडणं नाही, तक्रार नाही. मला वाटायचं, किती हळूहळू शिकतेय बिचारी. मग एक दिवस उतारावर तिला जरा वेग आला, मी दोरी ओढली, ती एक पाय टेकवून झकास थांबली, आणि मी मात्र थांबलो नाही. मी तिच्या बाजूनं पुढे गेलो तो थेट बांधकामाच्या वाळूच्या ढिगात. गुडघा तो हाच. वॉचमन धावत आला, सायकलची पाटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या आपुलकीनं म्हणाला, काका, या वयात शिकताय, कमाल आहे. ठकीनं माझ्या केसांतली वाळू झटकली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही ओढता म्हणून मी पडते."

ताई, मी दिवसभर लोकांच्या चुका काढून पोट भरतो. माझी चूक इतक्या मऊ आवाजात आजवर कुणी काढली नव्हती. मी तिला वचन दिलं, की दोरी हातात असेल पण ओढणार नाही. (सोडून का दिली नाही, असं विचारू नकोस. तूही आपल्या आईचीच मुलगी आहेस.)

आता मुख्य प्रसंग, नीट वाच. त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही फाटकापाशी उभे असताना समोरच्या इमारतीतले मास्तर आले. त्यांना दोन गाड्यांच्या मधे गाडी लावता येत नाही. हा विषय निघाला की मला भान राहत नाही. मी ठकीकडे पाठ करून, एका हातात दोरी धरून, दुसऱ्या हातानं त्यांना सगळं हवेत गाडी लावून दाखवत होतो. दोरी ताठ होती, म्हणजे पोरगी मागे आहे, मी निर्धास्त. तेवढ्यात मास्तर माझ्या खांद्यावरून बघून म्हणाले, तुमची मुलगी छान चालवते हो. मी वळलो. दोरीचं दुसरं टोक फाटकाच्या गजाला बांधलेलं, नीट दुहेरी गाठ मारून. आणि ठकी सगळ्या आवाराला फेरी मारून पलीकडून येत होती, पाठ ताठ, नजर पुढे, चेहऱ्यावर काही विशेष घडल्याची खूण नाही. माझ्या लेकीनं पहिल्यांदा एकटीनं सायकल चालवली तेव्हा मी हजर होतो, ताई. फक्त पाठमोरा होतो.

रागवायला हवं होतं, जमलं नाही. मी विचारलं, सोडायचीच होती तर फाटकाला कशाला बांधलीस? ती म्हणाली, सैल पडली असती तर तुम्हाला एकदम रिकामं वाटलं असतं. मी बूट बांधायच्या निमित्तानं बराच वेळ खाली वाकून राहिलो. मास्तर चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी माझ्या बुटांना नाडीच नाही हे बोलून दाखवलं नाही.

मग मी तिची रीतसर परीक्षा घेतली, गल्लीत, खऱ्या रस्त्यावर. वळायच्या आधी हात दाखवते. मागे वळून बघते. कोपऱ्यावर एक टेम्पो घुसला तर थांबून त्याला जाऊ दिलं आणि वर मान हलवून त्याचे आभार मानले. माझ्या हाताखालून किती लोक परवाना घेऊन गेले असतील, त्यातल्या एकालाही हे शिकवता आलेलं नाही मला. मी ती लाल पाटी स्वतःच्या हातानं काढली. अभिमान वाटतो, ताई, अगदी उघड सांगतो, छाती फुटेल इतका वाटतो. आणि तिला आता काय हवंय, तर मोठा चौक ओलांडून तुझ्या घरी एकटीनं यायचंय. मी नाही म्हटलेलं नाही. हो सुद्धा म्हटलेलं नाही. विषय विचाराधीन आहे. भाऊजींना नमस्कार, कंबरेला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे पत्र टपालानं आलेलं नाही हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. ते जिनं तुझ्या हातात दिलं, ती समोर उभी आहे. सकाळी मी हो म्हणून टाकलं. चौकात दिवा असतो, तिला दिवे कळतात. तू मात्र अगं एकटी आलीस, एवढ्या गर्दीतून, असं काही करू नकोस. रोजच येते असं दाखव. आणि खरं काम हे, की ती पोचल्याबरोबर गॅलरीत एक टॉवेल वाळत घाल, ओला असो-नसो. मी चौकाच्या अलीकडे औषधाच्या दुकानापाशी उभा राहणार आहे. तिच्या मागे मागे येत नाहीये मी. नुसता उभा आहे.

ता. क. दुसरं : तुझ्या भावजयीनं हे वाचलं. तिचं म्हणणं, उभं राहणं म्हणजे मागे मागे येणंच, तुम्ही घरी बसा. पटलं मला. तेव्हा टॉवेल नको, एक फोन कर. मी घरीच आहे, शांत आहे.

आत्या, हे मी तुझ्या जिन्यात बसून लिहितेय. पाकीट उघडंच होतं. बाबा घरी नाहीयेत, तुझ्या समोरच्या झाडामागे आहेत. चौकापासून मी सायकल हळू चालवली, त्यांचा गुडघा दुखतोय म्हणून. तू टॉवेल घाल आणि मग थोड्या वेळानं सहज दिसल्यासारखं करून त्यांना वर बोलाव. मला दिसले होते हे सांगू नकोस.