एका टेबलाचा आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहार

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, माणसं जळतात.
आमची माती संशोधन संस्था आंतरराष्ट्रीय करायची, असं वरून ठरलंय. संचालकांनी आंतरराष्ट्रीय कक्ष उघडला आणि तळघरातल्या भांडारातून मला उचलून त्याचा प्रमुख केलं. अठरा वर्षांनी खिडकी मिळाली. उद्या परदेशातून एक गांडूळतज्ज्ञ बाई येतायत, तीन आठवड्यांसाठी. त्या वर्षभर राहायला तयार झाल्या तर कक्ष कायम. नाहीतर मी परत तळघरात.
राहतील. प्रश्नच नाही. संकल्प: रोज दहा परदेशी शब्द.

४ मार्च, मंगळवार.
बाई आल्या. स्वागताचं भाषण तीन भाषांत तयार होतं. पहिली भाषा संपायच्या आत त्या रिकाम्या बरण्यांची पेटी उचलून प्रयोगशाळेकडे निघाल्यासुद्धा. जाता जाता टेबल मागितलं. मी हसून सांगितलं, अर्ज करा, पण वरिष्ठांमार्फत. त्यांचे वरिष्ठ म्हणजे तिकडच्या विद्यापीठाचे कुलगुरू. नियम तो नियम.

दुपारी ४. माझ्या कक्षात दोन टेबलं होती. पाहुण्यांसाठी ठेवलेलं गायब आहे. कमाल आहे.

७ मार्च, शुक्रवार.
कुलगुरूंचा ईमेल. बाईंना टेबल द्यावं, म्हणतात. थेट मला लिहिलंय! प्रिंट काढून घरी नेली. उत्तर पाठवलं: टेबलाची लांबी, रुंदी व प्रयोजन कळवावे.
सौ.ने वाचलं आणि म्हणाली, अहो, मोजमापं कसली मागताय, एक टेबल उचलून द्या की. घरच्या माणसांना प्रशासन कळत नाही.

१० मार्च, सोमवार.
परदेशी शब्द आजवर एकूण चार. दोन विसरलो.
टेबलाची चौकशी सुरू. माळी, शिपाई आणि मामा, तिघांना लेखी विचारणा. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत आणि इंग्रजीचा गंध नाही. त्यांनी माझ्याच कागदाच्या मागे लिहून पाठवलं: टेबल सुखरूप आहे, काळजी नसावी. उडवाउडवीचं उत्तर. फाइलला लावलं.

१४ मार्च, शुक्रवार.
पत्रव्यवहार जोरात. जाऊन-येऊन एकोणीस पत्रं. गेल्या वर्षी संस्थेचा परदेशी पत्रव्यवहार: शून्य. आलेख काढला तर रेघ कागदाबाहेर गेली. वर दुसरा कागद चिकटवला.
कुलगुरूंच्या आजच्या पत्रात फक्त 'कृपया' होतं, चार वेळा. नम्र माणूस.
बाई अजून कक्षात फिरकल्या नाहीत. दडपण येत असेल.

१८ मार्च, मंगळवार.
प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेलो. बूट नवे आणि आत सगळा चिखल, म्हणून आत पाऊल टाकलं नाही. बाई आणि मामा कोपरापर्यंत मातीत हात घालून हसत होते. मामा बाईंना गांडूळताई म्हणतात. त्या चक्क 'मामा, बसा' म्हणाल्या. शिष्टाचाराच्या दृष्टीने गंभीर बाब. मामांना समज द्यावी लागेल. निर्णयानंतर.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ९.
आज निर्णय. कडक इस्त्रीचा शर्ट. सौ. म्हणाली, काही झालं तरी वेळेवर जेवा. काही झालं तरी म्हणजे काय?

दुपारी १. बाई वर्षभर राहतायत! मी म्हणतच होतो. संचालकांनी बोलावलंय. आलेख घेऊन निघालो.

२५ मार्च, मंगळवार.
काल नंतर काही लिहावंसं वाटलं नाही.
संचालकांनी बाईंचं पत्र वाचून दाखवलं. पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत मामांनी टेबल आणून दिलं, इथली माती ओळखायला शिकवली, असा शेजार सोडवत नाही, वगैरे. अट एकच. आमचे कुलगुरू थकलेत, कक्षानं त्यांना पत्रं पाठवणं थांबवावं.
टेबल पाहून आलो. माझ्याच कक्षातलं. वर सोळा बरण्या, सगळ्या भरलेल्या.
कक्ष कायम झाला. प्रमुख मामा. फार वाईट वाटलं. संचालकांनी आलेखाची गुंडाळी सोडलीसुद्धा नाही.

२७ मार्च, गुरुवार. तळघर.
इथे एक बरं आहे, डोळ्यांवर ऊन येत नाही.
पुढच्या महिन्यात आणखी दोन परदेशी पाहुणे येतायत. मामा टेबल मागायला खाली आले. मी म्हटलं, अर्ज. ते म्हणाले, हो हो, आधी ती बाजू धरा. धरली. दोन जिने चढून टेबल प्रयोगशाळेत ठेवल्यावर आठवलं, अर्ज राहिलाच.
गांडूळताईंनी मला ओळखलं नाही. मामांनी ओळख करून दिली: हे आमचे भांडारवाले. ताईंनी मातीचा हात पुसून माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, तुम्ही पहिल्याच दिवशी भेटायला हवं होतं.