नदीवरच्या मोटारीचा नंबर

मामा, काल दुपारी आपल्या दारात एक माणूस मोबाइलवर चालणारा स्टार्टर विकायला आला. ओट्यावर टेकला, पाणी प्यायला आणि मला समजावायला लागला, "ताई, घरी बसून मिस कॉल द्यायचा, नदीवरची मोटार आपोआप चालू." मला सांगतोय! हसू आवरेना म्हणून पदर तोंडात कोंबून मी आत पळाले. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक तो कुणाच्या ओट्यावर बसलाय. तेव्हापासून डोक्यात नुसते तुम्हीच आहात. भाकरी उरकून, दार लोटून लिहायलाच बसलेय.

मी यवतहून लग्न होऊन मांडवगणला आले तेव्हा तुमचा उद्योग निराळाच होता. घरापासून नदीपर्यंत बांधाबांधानं कुंपणाची तार नेलेली, दोन्ही टोकांना भंगारातल्या फोनचे रिसिव्हर. गाव तुम्हाला हसायचं, "आप्पांनी म्हशींसाठी टेलिफोन काढलाय." तेव्हा सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायची चाल नव्हती, बोलायचं ते सासूमार्फत; भाकरी आणखी वाढू का, हेसुद्धा मी आत्यांकरवी विचारायचे. आणि एक दिवस स्वयंपाकघरातला बझर वाजतो, मी रिसिव्हर उचलते, तर पलीकडून तुम्ही. "सूनबाई, कालवण काय हाय आज?" मी कशीबशी म्हणाले, "वांगं." "मीठ बेतानं टाक. तुझी आत्या लई टाकती. तिला सांगू नगंस." बाई गं! सासरी आल्यापासून तुम्ही माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. मग काय, तारेवर आपल्या गप्पा सुरू झाल्या. माहेरची, पिकाची, आत्यांच्या रागाची, कशाची म्हणून बंदी नाही. तुम्ही जेवायला घरी आलात की दोघंही पुन्हा मुके. पुढं उसाच्या गाड्यांनी ती तार तोडली आणि कितीतरी दिवस तुम्हाला जेवण गोड लागलं नाही.

मग बिबट्या आला. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की ह्यांना बॅटरी घेऊन उसातनं नदीवर जावं लागायचं, मोटार चालू करायला. त्याच वाटेवर शेजाऱ्यांचं कुत्रं उचललं बिबट्यानं. हे बाहेर पडले की परत येईपर्यंत मी देव पाण्यात घालून बसायचे. तुम्ही ते बघत होता. तेव्हा गावात नुकतेच मोबाइल आले होते. एका बाजारच्या दिवशी शिरूरहून जुना मोबाइल घेऊन आलात आणि आल्या आल्या त्याचं पोटच उघडलंत. फोन थरथरतो तेव्हा आत जो एवढासा करंट धावतो, तो बाहेर काढायचा आणि त्याच्यावर स्टार्टरचा खटका पाडायचा. एक रिंग आली की मोटार चालू, दुसरी आली की बंद. किती मोबाइल जाळलेत, आत्यांच्या किती शिव्या खाल्ल्यात! जमलं त्या दिवशी अंगणात नुसते येरझाऱ्या घालत होता. ते सगळं एका पेटीत घालून नदीवर बसवलंत, आणि त्या पेटीतल्या फोनचा नंबर विसरायला नको म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं हा एवढा मोठा रंगवलात.

पण ह्यांचा भरवसा बसेना. "करंटाचा खेळ हाय आबा. मोटार जळाली तर पीक जाईल. मी आपला चालत जातो." तेव्हा तुम्ही चिडलात. "चार माणसांपुढं चालवून दाखवतो. न्हाई चालली तर पेटी नदीत टाकीन आन् पुन्हा टेस्टरला हात लावणार न्हाई." मला धडकीच भरली. पेटी गेली म्हणजे हे जन्मभर त्या उसातनंच जाणार.

ठरल्या दिवशी सकाळी हौदावर, पाइपाच्या तोंडाशी सगळी मंडळी जमली. सोसायटीचे चेअरमनही आले. नदीवर कुणी नाही हे दिसावं म्हणून ह्यांना मुद्दाम पुढं उभं केलेलं. तुम्ही ह्यांचा मोबाइल हातात घेतलात, "आता बघा, नंबर लावतो," म्हणालात, आणि बटणाला बोट लागायच्या आत धो धो पाणी! मंडळी खो खो हसायला लागली. "आप्पा, नदीवरच्या गड्यानं घाई केली की!" चेअरमन म्हणाले, "नाटक बरं बसवलंय." तुमचा चेहरा पांढराफटक. हे हळूच म्हणाले, "बघितलंत आबा? उद्या कवाबी अशी चालू व्हायची. जाऊ द्या. मी जाईन नदीवर."

मी मनातल्या मनात जुळवू लागले. रिंग दिली नाही तर मोटार चालू होते कशी? कुणीतरी दिलीच असणार. आणि एकदम आठवलं, सकाळच्या एसटीनं आत्यांची बहीण दौंडला गेली होती. त्या दिवसांत बोलायला पैसे पडायचे, मिस कॉल फुकट; गावाला पोचलं की मिस कॉल द्यायचा, अशीच रीत. मी आत्यांना कोपर मारलं. "आत्या, मावशींना नंबर कुठला दिलाय?"

"कुठला म्हंजी? घरचा. भिंतीवर लिवलाय त्यो."

देवा! सासरा, चेअरमन, भरलं गाव, सगळं विसरून मी ओरडले, "मामा, मावशी दौंडला पोचल्या!"

लोक माझ्याकडं येड्यासारखं बघायला लागले. तुम्हाला मात्र तिथल्या तिथं उमगलं. लगेच मावशींना फोन लावलात. मावशींचा आवाज असा की हौदापलीकडच्यालाही ऐकू जावा.

"दाजी, दिला की मिस कॉल!"

"आजून एकदा दे. त्याच नंबरावर."

"का वं? एकदा पोचले न्हवं? दोनदा कशाला पोचू?"

"दे म्हणतो ना!"

सगळ्यांचे डोळे पाइपावर. आणि पाणी थांबलं! पुन्हा फोन, पुन्हा "आजून एकदा." मावशी म्हणाल्या, "दाजी, उन्हात फिरलात काय?" पण रिंग दिली त्यांनी, आणि पाणी असं उसळलं की चेअरमनचं धोतर भिजलं. "आप्पा, दौंडवरनं?" ते नुसते म्हणत राहिले. "दौंडवरनं?" तुम्ही म्हणालात, "दिल्लीवरनं बी चालंल." अंगावर काटा आला माझ्या. आत्तासुद्धा येतोय. हे पाण्यात हात धरून उभे होते. म्हणाले, "आबा, मग मी आता रात्रीचा झोपू?"

"झोप की लेका."

नंतर घरचे नंबर सोडून दुसऱ्या कुणाची रिंग चालणार नाही, अशी सोय तुम्ही केलीत. वरवंडपासून लोक पेट्या बनवून घ्यायला यायला लागले, आणि तुम्ही प्रत्येकाला पाटावर बसवून आधी मावशींची गोष्ट सांगायचात. तुम्ही गेलात त्या दिवशी त्यातले कितीतरी जण आले होते.

हा कागद कुठं जायचा नाही, म्हणूनच लिहिते. मावशींच्या त्या मिस कॉलनंतर पुढच्याच आठवड्यात रात्रीची पाळी आली. तुम्ही पडवीतल्या खाटेवरूनच रिंग दिलीत. हे माझ्या शेजारी मोठमोठ्यानं घोरत पडलेले. त्या घोरण्यावर एरवी मी किती चिडायचे! त्या रात्री डोळ्याला डोळा न लावता ऐकत राहिले. सकाळी तुम्ही स्वतःहून, समोरासमोर विचारलंत, "सूनबाई, डोळं का लाल?" मी म्हणाले, चुलीचा धूर. सासऱ्याला सांगायची गोष्ट होती का ती? पण धूर नव्हता, मामा.