पाठीतली सुई

उमरेड, ता. ६ फेब्रुवारी १९५६

तीर्थरूप जागेश्वरदादास पुष्पलताचा नमस्कार. वि. वि.

मुतखड्याच्या ऑपरेशनला अखेर तयार झालास, बरे झाले. एकच सांगणे आहे. आमच्या आळीतल्या एका विणकराने पाठीत सुई घेतली आणि महिनाभर त्याचे पाय जड होते. तुझे पाय गेले तर मागाच्या पावड्या कोण दाबणार? भुलीचे औषध हुंगून घे, पण पाठीला सुई लावू देऊ नकोस. तुला माझ्या जिवाची शपथ.

धाकटीचा हट्ट समज आणि माया राहू दे.

पुष्पलता

नागपूर, ता. ११

चि. सौ. पुष्पलतेस दादाचा आशीर्वाद.

मजकूर माझा, अक्षर शेजारच्या खाटेवरच्या वामनराव मास्तरांचे, म्हणून ऱ्हस्वदीर्घ बरोबर आहे! परवा खडा निघाला. चिंचोक्याएवढा, पण दोन वर्षे छळले त्याने. आता कुशीतली जखम श्वास घेऊ देत नाही, खोकू देत नाही. तुम्ही खोकला नाहीत तर छातीत कफ साचून न्यूमोनिया होईल, असे डॉक्टर म्हणतात. कालपासून तापही आहे. पाठीकडून बरगड्यांजवळ सुई देऊन जखमेची नस तेवढी बधिर करतो, पायांना काही होत नाही, असे त्यांनी दोनदा समजावले. मी नाही म्हटले. काहून सोसून राहिले जी, असे विचारून तुझी वहिनी रडते. तुझी शपथ आहे, तिला काय सांगू?

सर्वांना आशीर्वाद.

जागेश्वर

उमरेड, ता. १२

दादा, नमस्कार.

तुळशीपुढे उभी राहून तीनदा शपथ सुटली म्हटले. सुटली, दादा! ऐकीव गोष्टीवरून मी तुला बांधून टाकले. चिठ्ठी मोटारीच्या कंडक्टरबरोबर पाठवते. सुई आजच घे.

अपराध पोटात घाल.

पुष्पलता

नागपूर, ता. १६

चि. सौ. पुष्पलतेस आशीर्वाद.

चिठ्ठी मिळताच डॉक्टरांना बोलावले. त्यांनी तीन ठिकाणी टोचले आणि थोड्या वेळात कूस जणू दुसऱ्याचीच झाली. पोटभर खोकलो. कफ पडला, काल ताप उतरला. औषध ओसरले की दुखते, मग पुन्हा टोचतात. खाटेच्या दांडीवर पाय दाबून पाहिले, अगदी ठणठणीत आहेत. मास्तर हसत होते.

पण खरे लिहितो. ते दोन दिवस मला तुझा फार राग आला होता. मरणाचे भयही वाटले. तरी हो म्हणवले नाही. तुला काही झाले असते तर? यापुढे मला कशाचीही मनाई कर, पण मध्ये तुझा जीव ठेवू नकोस. तो ओलांडून मला जाता येत नाही.

तुझा,
जागेश्वर