जुन्या ओकापासून दोनशे वार

पुन्तारेनास,
२ मार्च १९९६

ती. फाउस्तोदादास,
सा. न. वि. वि.

आई सोडून आम्ही सगळे ठीक. तिचा उजवा डोळा गेलाच होता. आता डॉक्टर म्हणतात, डावाही पावसाळ्यापर्यंतच. ऐकून ती रडली नाही. एवढंच म्हणाली की, नजर आहे तोवर एकदा आपल्या डोंगरातला केत्साल बघायचाय आणि योर्लेनीलाही दाखवायचाय. माझी लेक नऊ वर्षांची झाली, पण तो पक्षी तिने चित्रातच पाहिलाय.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात रेनान जीप काढतो म्हणतोय. नवरा माझा समुद्राकाठचा. डोंगरातल्या धुक्याचं नाव काढलं आणि भर उन्हाळ्यात स्वेटर शोधत बसला. बाबा गेल्यापासून वीस वर्षांत तू एकदाही खाली आला नाहीस, आईशी धड बोलला नाहीस, ते राहू दे. पक्षी कुठे दिसेल तेवढं नक्की कळव. पुढच्या वर्षी आणून उपयोग नाही.

रुसवा असू दे, पण त्यात लोभ बुडवू नकोस.
तुझी,
ओदिल्या

कोपेय,
१५ मार्च १९९६

चि. ओदिल्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. यंदा जोडीने कुजक्या खोडात घरटं केलंय. पहाटे साडेपाचला नर समोरच्या झाडावर रानअवाकाडोची फळं खायला येतो, रोज, देवळाच्या घंटेसारखा. रात्री कार्तागोला राहा आणि चारला निघा. माझ्या घरी उतरू नका. भिंतींना ओल आहे, आईच्या छातीला सोसणार नाही.

देवळापाशी उजवीकडे वळा. मग जुन्या ओकापासून दोनशे वार खाली, नदीच्या अंगाला. ओक आता नाही, पण इथे सगळे अजून तिथूनच मोजतात. आईला विचार, झोपेतही सापडेल तिला. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी मी स्टूल आणि कॉफी घेऊन तिथे उभा असेन. बाकी, रेनानला म्हणावं, दोन स्वेटर घाल.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
तुझा दादा,
फाउस्तो

पुन्तारेनास,
१४ एप्रिल १९९६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र रागाने लिहायला घेतलं होतं, पण राग पुरला नाही.

देवळापासून आईनेच वाट दाखवली. जुना ओक कुठे होता ते तिने वळणावरून ओळखलं आणि योर्लेनीच्या खांद्यावर हात ठेवून दोनशे वार स्वतः मोजले. नऊपर्यंत बसलो. धुकं इतकं की जीपही दिसेना. ना पक्षी, ना तू. योर्लेनी संत्री सोलत दर पाच मिनिटांनी विचारायची, मामा येणार ना, म्हणून.

मी तुला बोलायला लागले, तेव्हा आईने मला गप्प केलं. म्हणाली, बाबांची दुधाची गाडी इथूनच खाली दरीत गेली. मला माहीत नव्हतं, दादा. मी तेव्हा मावशीकडे होते. त्या सकाळी गाडी तू न्यायची होतीस, पण आदल्या दिवशीच्या दारूने तुला उठवेना, म्हणून बाबा गेले, हेही तेव्हाच कळलं. ती म्हणाली की, पक्ष्याचं निमित्त करून फाउस्तोने मला इथे बोलावलं, वीस वर्षांनी का होईना. यायला त्याचे पाय उचलले नसतील, त्याला रागावू नकोस. मग मेणबत्ती लावून तिने जपमाळ ओढली. परतताना तुझ्या घराकडे वळू का विचारलं, तर नको म्हणाली, त्याच्यावर जबरदस्ती नको.

काल तिने कॉफी कपाच्या बाहेर ओतली. डावाही गेला.

आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
ओदिल्या

कोपेय,
२२ एप्रिल १९९६

चि. ओदिल्यास,
अ. उ. आ.

मी उभा होतो गं. नऊच काय, बारापर्यंत. केत्साल दोनदा आला, इतका जवळ की शेपटीवरचं दव दिसत होतं. मला वाटलं, आईनेच यायचं नाकारलं. कॉफी ओतून टाकली आणि तुम्हा सगळ्यांना शिव्या देत घरी गेलो.

माझा जुना ओक देवळापुढच्या चढावरचा, नऊ वर्षांपूर्वी वादळात पडला तो. आई तेव्हा डोंगरात नव्हतीच. तिचा जुना ओक म्हणजे वळणावरचा, मी लहान असताना कोळशेवाल्यांनी तोडलेला. आम्ही दोघांनी नसलेल्या झाडांपासूनच मोजलं. माझी झाडं वेगळी, तिची वेगळी. तिच्या शेवटच्या नजरेला पक्षी मिळायचा होता, तो माझ्या दोन ओळींनी घालवला.

मी तिला तिथे बोलावलं नव्हतं, ओदिल्या. तेवढी छाती असती तर वीस वर्षं लागली नसती. पण हे तू तिला सांगू नकोस, मीच सांगेन. काल वीस वर्षांत पहिल्यांदा त्या वळणाखाली गेलो. संत्र्याच्या साली होत्या, मेणाचा डाग होता. त्याच्याशेजारी बसलो आणि बराच वेळ उठता आलं नाही.

येत्या सोडून पुढच्या शनिवारच्या बसने येतोय. पक्षी कसा दिसत होता ते आईला सांगायचंय, आणि बाबा गेले ती सकाळही. तुझं घर मी पाहिलेलं नाही. कुठून किती वार ते उलट टपाली लिही, पण आज उभं आहे अशा कशापासून तरी मोज.

आईला सांग, दार लावू नकोस.
दादा